नाव झाकले, तर आवड किती उरते?

धागाकर्ता : चौकस

जाहिरातीचा विषय निघाला की ‘माझ्यावर जाहिरातींचा काही परिणाम होत नाही, मी वस्तू पारखून घेतो’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि गंमत अशी की इतरांवर मात्र तो होतो याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसते. समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली या मनोवृत्तीवर लेख लिहिला आणि तिसऱ्याच कुणावर परिणाम होतो, अशा अर्थाचे नाव तिला दिले. या धाग्यात मला त्या तिसऱ्याला बाजूला ठेवून आपल्याविषयी बोलायचे आहे. आपण जिला आपली आवड म्हणतो, तिच्यात वस्तूचा वाटा किती आणि वस्तूवर छापलेल्या नावाचा किती?

याची सर्वांत साधी परीक्षा म्हणजे नाव झाकून पाहणे. राल्फ ॲलिसन आणि केनेथ उल यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बिअर पिणाऱ्या ३२६ जणांना आधी लेबल नसलेल्या बाटल्या दिल्या आणि नंतर लेबल लावलेल्या. लेबल नसताना सहभागींना सर्वसाधारणपणे ब्रँडांमधला फरक ओळखता आला नाही आणि स्वतःच्या नेहमीच्या ब्रँडलाही त्यांनी वेगळा मान दिला नाही. लेबल दिसू लागताच एकूण गुण वाढले आणि आपापल्या लाडक्या ब्रँडला तर स्पष्टपणे जास्त मिळाले. बाटलीतला द्रव मात्र तोच होता.

यावर ‘लोक उगीच बढाया मारतात’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो टिकत नाही. हिल्के प्लासमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एकच वाइन सहभागींना एकदा १० डॉलरची आणि एकदा ९० डॉलरची म्हणून दिली. महाग म्हणून सांगितलेली वाइन लोकांनी अधिक चविष्ट ठरवलीच, शिवाय मेंदूचा जो भाग अनुभवाच्या सुखदपणाशी जोडला जातो, त्यातली क्रियाही त्या वेळी वाढलेली दिसली. म्हणजे ही माणसे शिष्टाचार म्हणून बरे बोलत नव्हती, त्यांना ती खरोखरच बरी लागत होती.

माझे मत असे आहे की नावाची ओढ ही मुख्यतः माहितीच्या अभावाची भरपाई असते. ज्या वस्तूची पारख आपल्याला करता येत नाही, तिथे आपण नावावर भिस्त ठेवतो, आणि पारख आली की नावाचे वजन आपोआप कमी होते. जाहिरातीने आपल्याला ‘पटवले’ हे चित्र मला फारसे खरे वाटत नाही. सदस्यांचा अनुभव आणि अभ्यास काय सांगतो?

---

औषधपेटी

चौकस, तुमच्या मताला पुष्टी देणारे दृश्य मला कामाच्या ठिकाणी रोज दिसते, कारण मी औषधांच्या काउंटरमागे उभी राहते. डोकेदुखीची गोळी मागणाऱ्यासमोर मी दोन पाकिटे ठेवते. घटक एकच, मात्रा एकच, गोळ्यांची संख्याही तीच, आणि किमतीत मात्र डोळ्यांत भरणारा फरक. ग्राहक स्वस्त पाकीट उचलतो, ते उलटे करतो, मागच्या बारीक मजकुरावरून नजर फिरवतो, घटकाच्या नावापाशी क्षणभर थांबतो आणि मग ते काउंटरवर ठेवून शेजारचे ओळखीचे पाकीट घेतो. कारण विचारले तर ‘मला हीच लागू पडते’ एवढेच उत्तर मिळते. मी स्वतःसाठी गोळी घेताना पाकिटावरचे नाव पाहतही नाही, माझे सहकारीही पाहत नाहीत.

ही केवळ माझी समजूत नाही. अमेरिकेतल्या खरेदीच्या नोंदींवर आधारलेला ब्रोननबर्ग, ड्यूबे, गेंट्झको आणि शपिरो या अर्थशास्त्रज्ञांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. डोकेदुखीच्या औषधांत सरासरी ग्राहक २६ टक्के वेळा प्रसिद्ध ब्रँड निवडतो, तर फार्मासिस्ट अवघ्या ९ टक्के वेळा, असे त्यांना आढळले. मीठ आणि साखर यांसारख्या जिनसांच्या बाबतीत व्यावसायिक स्वयंपाकी असेच वागतात. ज्याला आतले ठाऊक आहे, तो नावासाठी वेगळे पैसे मोजत नाही.

तरीही ‘मला हीच लागू पडते’ म्हणणाऱ्या ग्राहकाला हसण्याआधी दुसरा एक अभ्यास लक्षात घ्यावा लागतो. ब्रॅन्थवेट आणि कूपर यांनी १९८१ मध्ये ८३५ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत प्रसिद्ध नावाच्या वेष्टनातली ॲस्पिरिन साध्या वेष्टनातल्या ॲस्पिरिनपेक्षा अधिक गुणकारी ठरली. त्याहून विशेष म्हणजे औषध नसलेल्या गोळीनेही ओळखीच्या नावाच्या वेष्टनात अधिक आराम पडला. तेव्हा ग्राहक रसायनाच्या बाबतीत चुकत असला, तरी स्वतःच्या डोक्याच्या बाबतीत कदाचित चुकत नसतो. हे मला व्यवसाय म्हणून अडचणीचे वाटते, कारण ‘दोन्ही सारख्याच आहेत’ असे मी प्रामाणिकपणे सांगते तेव्हा त्याच्या आरामातला थोडासा भाग मीच काढून घेत असेन.

---

आकडेमोड

वरचे प्रयोग उत्तम आहेत, पण नाव झाकून केलेली चाचणी म्हणजे अंतिम सत्य आणि नाव दिसत असताना झालेली निवड म्हणजे भ्रम, ही मांडणी मला मान्य नाही. त्या मांडणीवर भरवसा ठेवून एका कंपनीने केवढा मोठा निर्णय घेतला, हे १९८५ मध्ये सगळ्या जगाने पाहिले आहे.

१९७५ पासून पेप्सीने सार्वजनिक ठिकाणी नाव झाकून चव घ्यायला लावणाऱ्या चाचण्यांची मोहीम चालवली, आणि त्यात पेप्सीचा कौल जास्त येई. कोका-कोलाने मग नवे, अधिक गोड मिश्रण तयार केले आणि सुमारे दोन लाख लोकांकडून त्याची चव घेवविली. कौल नव्याच्या बाजूने लागला. २३ एप्रिल १९८५ रोजी नवे पेय जाहीर झाले आणि जुने बंद करण्यात आले. त्यानंतर तक्रारींचे दूरध्वनी आणि पत्रे यांचा असा पूर आला की ७९ दिवसांनी, ११ जुलै रोजी, कंपनीला जुने पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली.

चाचणीचे गणित इथे चुकले नव्हते. चुकला होता तो प्रश्न. घोटभर चाखताना जास्त गोड पेय सहज बाजी मारते, पण कोणी पेय घोटभर विकत घेत नाही, अख्खी बाटली घेतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘यांतले कोणते आवडले’ हे विचारताना ‘हे आले की ते कायमचे जाईल’ हा भाग बहुतेकांसमोर ठेवलाच गेला नव्हता. जे लोक नव्याला कौल देत होते, त्यांना जुन्यावरचा आपला हक्क सोडायचा आहे याची कल्पना नव्हती. या उदाहरणात नाव हा वस्तूवर चिकटवलेला कागद नव्हता, तर तो वस्तूचाच एक घटक होता. चौकस यांच्या ‘माहितीच्या अभावाची भरपाई’ या सूत्रात हा घटक बसत नाही, कारण त्या पेयाविषयी लोकांना माहिती कमी होती असे कोणीच म्हणणार नाही.

---

पडद्यामागचा

मी माध्यम-नियोजनाच्या कामात आहे, म्हणजे जाहिरात कुठे, केव्हा आणि किती वेळा दाखवायची हे ठरवणाऱ्यांपैकी एक. तेव्हा माझा कल कुठे असणार हे गृहीत धरून वाचावे.

जाहिरात माणसाला पटवते, त्याचे मत बदलते, हे चित्र बाहेरच्यांना जितके प्रिय आहे तितकेच आमच्या धंद्यातल्या सादरीकरणांनाही प्रिय आहे, कारण त्यात आमचा भाव वाढतो. प्रत्यक्षात वारंवार घेतल्या जाणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत अँड्र्यू एरनबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडलेले म्हणणे मला जास्त खरे वाटते. त्यांच्या मते जाहिरात फार तर ओळख करून देते, एखाद्या वेळी वस्तू वापरून पाहायला लावते आणि मुख्यतः आधीपासून असलेली सवय टिकवून धरते. जाहिरात पाहून माणूस उठला आणि ब्रँड बदलून आला, असे क्वचितच घडते.

दुसरी गोष्ट ‘निष्ठावंत ग्राहक’ या लाडक्या कल्पनेची. लहान ब्रँडला ग्राहक थोडे असतात, पण ते जिवाला जीव देणारे असतात, अशी समजूत आहे. खरेदीच्या नोंदी तपासल्या की बहुतेक वेळा उलटे दिसते. लहान ब्रँडला ग्राहकही कमी असतात आणि ते ग्राहक तो ब्रँड घेतातही थोडे कमी वेळा. विल्यम मॅक्फी यांनी १९६३ मध्ये हा दुहेरी फटका दाखवून दिला आणि एरनबर्ग यांनी तो ब्रँडांच्या खरेदीत पुनःपुन्हा पडताळला. याचा अर्थ असा की मोठ्या ब्रँडचे मोठेपण भक्तांवर उभे नसते, ते अधूनमधून, फारसा विचार न करता घेणाऱ्या असंख्य लोकांवर उभे असते.

आणि असा ग्राहक वस्तू वाचत नाही, ती नजरेने हुडकतो. २००९ मध्ये ट्रॉपिकानाने अमेरिकेत आपल्या संत्र्याच्या रसाचे वेष्टन बदलले. संत्र्यात खोचलेल्या नळीचे परिचित चित्र काढून रसाने भरलेला पेला आणला आणि अक्षरांची ठेवणही बदलली. आत रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरल्याच्या बातम्या आल्या आणि कंपनीने जुने वेष्टन परत आणले. माझ्या मते त्या लोकांचे मत वगैरे काही बदलले नव्हते. मांडणीवर हात नेहमीच्या जागी गेला, तिथे ओळखीचे काही दिसले नाही, आणि तो शेजारी वळला.

---

वाकडा प्रश्न

पडद्यामागचा, जाहिरात पटवत नाही, मत बदलत नाही, ग्राहक भक्तही नसतो, हे सगळे मान्य केले तर मग एवढा खर्च कशासाठी चालतो? की तो चालतो म्हणून चालतो?

---

आकडेमोड

या प्रश्नाचे थोडे उत्तर मोजमापातून मिळते, आणि ते जाहिरातदारांना फारसे सुखावणारे नाही.

ईबे या संकेतस्थळाने शोधयंत्रावर स्वतःच्या नावासाठी जाहिराती विकत घेतल्या होत्या. कोणी ‘ईबे’ असा शोध घेतला की सर्वांत वर त्यांचीच सशुल्क जाहिरात दिसे आणि लोक तिच्यावर टिचकी मारून आत येत. हिशेबात ती जाहिरात फारच यशस्वी दिसत होती. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस यांनी ती बंद करून पाहिली, तेव्हा गेलेल्या टिचक्यांपैकी ९९.५ टक्के त्याखालच्या फुकटच्या दुव्यावरून परत आल्या. जे लोक नाव घेऊन दारात उभे होते, त्यांना दार दाखवण्याचे पैसे कंपनी भरत होती.

दूरचित्रवाणीचेही पाहा. शपिरो, हिच आणि टकमन यांनी २०२१ मध्ये रोजच्या वापरातल्या २८८ ब्रँडांच्या जाहिरातींचा विक्रीवरचा परिणाम तपासला. तो आधीच्या अभ्यासांत दिसला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला, आणि बऱ्याच ब्रँडांच्या बाबतीत तो शून्याहून वेगळा आहे असे खात्रीने म्हणताच आले नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ‘परिणाम दिसला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. विक्री दर आठवड्याला शंभर कारणांनी वरखाली होते, आणि जाहिरातीचा परिणाम त्या चढउतारांपेक्षा लहान असेल, तर फायद्याची जाहिरात आणि तोट्याची जाहिरात यांतला फरक ओळखायलाही फार मोठा प्रयोग लागतो. मोजता न येणारी गोष्ट अस्तित्वातच नाही असे म्हणणे हा सांख्यिकीचा आधार घेऊन केलेला आळस आहे.

---

पडद्यामागचा

आकडेमोड यांनी दिलेली उदाहरणे खरी आहेत आणि आतून ती आणखी बोचरी दिसतात. ज्याला जाहिरात दाखवली तो माणूस तसाही वस्तू घेणारच होता का, हा प्रश्न बैठकीत विचारणारा माणूस फारसा लोकप्रिय नसतो. एखाद्याने वस्तू पाहिली, टोपलीत टाकली आणि पैसे भरायचे तेवढे राहिले, की तिचीच जाहिरात त्याच्या पडद्यावर दिवसभर फिरत राहते. त्याने पैसे भरले की ती विक्री जाहिरातीच्या खात्यात जमा होते. पुढच्या तिमाहीचा निधी त्या आकड्यावर ठरतो. जाहिरात देणारा विभाग, आमच्यासारखी मधली संस्था आणि जागा विकणारे माध्यम या तिघांनाही तो आकडा मोठा असणेच सोयीचे असते.

तरी ‘चालतो म्हणून चालतो’ हे संपूर्ण उत्तर नाही. नव्या वस्तूची गोष्ट वेगळी असते. जिच्याविषयी कोणालाच ठाऊक नाही, तिची जाहिरात ही बातमी असते आणि तिचा परिणाम स्वच्छ दिसतो. जुन्या ब्रँडची जाहिरात मात्र मुख्यतः विसर पडू न देण्याचे काम करते, आणि विसर पडायला लागणारा काळ एका तिमाहीत मावत नाही. म्हणून ती बंद केल्यावर पहिल्या महिन्यांत काही बिघडले नाही असे दिसते, आणि तेवढ्यावर ‘बघा, गरज नव्हती’ असा निर्णय घेणाऱ्यांचे मला फारसे कौतुक वाटत नाही.

---

बिऱ्हाड

सवयीचा मुद्दा वर ओझरता आला, पण माझ्या मते सगळ्या चर्चेत तोच वजनदार आहे. ब्रोननबर्ग, ड्यूबे आणि गेंट्झको यांचा २०१२ चा अभ्यास एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्या अमेरिकी लोकांचा आहे. एका ठिकाणी एक ब्रँड जोरात चालतो, दुसऱ्या ठिकाणी दुसरा. माणूस घर बदलतो तेव्हा दुकान, भाव, मांडणी आणि आसपासच्या जाहिराती सगळेच एका दिवसात बदलते. खरेदी जर याच गोष्टींनी ठरत असेल, तर ती ताबडतोब नव्या ठिकाणासारखी व्हायला हवी. ती साधारण ६० टक्के होते. उरलेले ४० टक्के अंतर माणूस स्वतःबरोबर घेऊन येतो, आणि ते इतक्या सावकाश मिटते की दशके उलटली तरी त्याचा अंश खरेदीत दिसत राहतो.

या ४० टक्क्यांत जुन्या जाहिरातींचा वाटा किती, घरात लहानपणापासून पाहिलेल्या डब्याचा किती आणि नुसत्या हाताच्या वळणाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण नव्या ठिकाणच्या जाहिराती रोज डोळ्यांवर आदळत असतानाही तो भाग टिकतो, यावरून पटवून देण्याची ताकद किती तोकडी आहे ते कळते.

---

सावध वाचक

डोळ्यांना न कळेल अशा वेगाने संदेश दाखवून लोकांना खरेदी करायला लावतात, त्याविषयी येथे कोणीच कसे लिहिले नाही? चित्रपटगृहातल्या प्रयोगाचे वर्णन मी अनेकदा वाचले आहे.

---

आकडेमोड

सावध वाचक, तो प्रयोग म्हणजे जेम्स व्हिकरी यांनी १९५७ मध्ये केलेला दावा. पडद्यावर क्षणार्धासाठी संदेश झळकवून आपण पेय आणि लाह्या यांची विक्री वाढवली, असे ते म्हणाले होते. त्यांनी तपशील कधीच खुले केले नाहीत, इतरांना तो परिणाम मिळाला नाही, आणि १९६२ मध्ये एका मुलाखतीत ती धंदा वाचवण्यासाठी केलेली क्लृप्ती होती असे त्यांनीच कबूल केले. गोष्ट मात्र अजून फिरते आहे.

---

कलम आणि पोटकलम

पटवून देण्याची ताकद तोकडी आहे, या सुरात एक भर घालतो, किंवा खरे तर त्याला अटकाव करतो. ब्रँडची निवड बदलणे अवघड असेल, पण वस्तूविषयीची एखादी समजूत वर्षानुवर्षे सांगून रुजवणे अजिबात अवघड नाही, आणि एकदा रुजलेली समजूत उपटणे महाकठीण आहे.

लिस्टरिन या गुळण्यांच्या औषधाने सर्दी आणि घशाचा दाह रोखता येतो, असे त्याच्या जाहिराती अनेक दशके सांगत होत्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७५ मध्ये हा दावा खोटा ठरवला आणि नुसता तो थांबवण्यावर समाधान न मानता, सुमारे एक कोटी डॉलर खर्च होईपर्यंत प्रत्येक जाहिरातीत ‘लिस्टरिनने सर्दी किंवा घशाचा दाह टळत नाही आणि त्यांची तीव्रताही कमी होत नाही’ अशा अर्थाचे वाक्य घालायला लावले. १९७७ मध्ये अपील न्यायालयाने हा आदेश मोजक्या बदलासह कायम ठेवला. मोहीम पार पडली, समजूत काहीशी कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. ज्या पैशाने, ज्या माध्यमातून आणि ज्या नावाखाली खोटे सांगितले गेले, त्याच मार्गाने खरे सांगूनही ते पुरले नाही.

याचे एक कारण हॅशर, गोल्डस्टीन आणि टॉपिनो यांच्या १९७७ च्या प्रयोगात सापडते. तीच तीच विधाने काही दिवसांच्या अंतराने पुन्हा ऐकवली की लोकांना ती अधिक खरी वाटू लागतात, मग ती मुळात खरी असोत की खोटी. कायद्याने दावा थांबवता येतो, ऐकलेले पुसता येत नाही. म्हणूनच दाव्याचा पुरावा जाहिरात दाखवण्यापूर्वी जाहिरातदाराच्या हातात असला पाहिजे या नियमाला मी नंतरच्या दंडापेक्षा कितीतरी जास्त महत्त्व देतो.

---

चौकस

सर्वांचे आभार. माझे सूत्र आता मी अधिक नेमके मांडतो. ज्या वस्तूची पारख करता येते पण ग्राहकाने केलेली नाही, जसे औषधपेटी यांच्या काउंटरवर घडते, तिथे नाव ही माहितीची भरपाई असते आणि ज्ञानाबरोबर ती ओसरते. जिथे वस्तूंत पारखण्याजोगा फरकच नाही, तिथे बिऱ्हाड यांची सवय आणि पडद्यामागचा यांचा ओळखीचा चेहरा काम करतात. आणि जुन्या पेयासारख्या काही थोड्या ठिकाणी नाव हाच वस्तूचा भाग असतो. या तिसऱ्या प्रकाराची चर्चा सर्वांत जास्त होते, आणि माझा अंदाज आहे की आपल्या खरेदीत त्याचा वाटा सर्वांत कमी असावा.

आता एक व्यावहारिक विचारणा. आपली एखादी ठाम आवड यांतल्या कोणत्या प्रकारची आहे, हे स्वतःपुरते तपासायचे असेल तर घरी विश्वासार्ह चाचणी कशी करावी?

---

आकडेमोड

दोन पेल्यांतून ‘माझा कोणता’ हे ओळखण्याच्या खेळात नुसत्या अंदाजाने निम्म्या वेळा बरोबर येते, म्हणून तो टाळावा. तीन सारखे पेले घ्यावेत, दोनांत एक ब्रँड आणि तिसऱ्यात दुसरा, आणि वेगळा कोणता एवढेच ओळखावे. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांशावर येते. असे सहा वेळा करावे आणि दर वेळी क्रम चिठ्ठी टाकून ठरवावा. सहापैकी चार किंवा अधिक वेळा बरोबर येणे योगायोगाने शंभरात दहा वेळा घडू शकते, त्यामुळे चारवर खूश होऊ नये. पाच किंवा सहा वेळा बरोबर आले, तर ते योगायोगाने घडण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी असते, आणि फरक तुम्हाला खरोखर कळतो असे मानायला हरकत नाही. मात्र फरक कळणे म्हणजे तो आवडणे नव्हे, त्यासाठी वेगळी फेरी लागेल.

पेले भरणाऱ्याने ते मांडून खोलीबाहेर जावे आणि उत्तर दुसऱ्या कोणी लिहून घ्यावे. भरणारा समोर उभा राहिला की त्याच्या चेहऱ्यावरून पेला ओळखणारे पुष्कळ निघतात.

---

औषधपेटी

आणि तापमान सारखे ठेवावे. एक पेला थंड आणि एक कोमट असला, तर तुम्ही ब्रँड ओळखत नसून फ्रिज ओळखत असता.